बगळी गाभण राहीना ती सुगी

डिसेंबर लागला की बुलढाण्याची थंडी सगळ्यांत आधी माझ्या गुडघ्यांना कळते. मग सून म्हणते, "आई, दुपारचं उन्हात बसत जा." मी बसते. परवा अशीच अंगणात खुर्ची टाकून बसले होते, तर रस्त्यावरून कडब्याने भरलेला ट्रॅक्टर गेला. हल्ली हेही क्वचितच दिसतं. आमच्या जिल्ह्यात सोयाबीन आलं आणि ज्वारीने काढता पाय घेतला. ट्रॅक्टरमधून कडब्याच्या चार काड्या खाली पडल्या. मी काठी टेकत गेले, त्या उचलून आणल्या आणि नाकाला लावल्या. सून दारातून पाहत होती. संध्याकाळी तिने नवऱ्याच्या कानावर घातलं असणारच. घालू दे. ऐंशीच्या घरात आलेल्या बाईला एवढी सूट असावी.

वाळल्या कडब्याला गोडसर वास असतो. त्या वासाबरोबर मला सुगी आठवते, आणि सुगी म्हटलं की लोकांना धान्याच्या राशी आठवतात तशा मला आठवत नाहीत. मला आठवतं ते पुरुषांवाचून असलेलं घर. सुलतानपूरला आमची ज्वारी सोंगून शेतात पडली, की मामंजी आणि आमचे हे, दोघेही जागलीला मळ्यातच मुक्काम टाकायचे. सूर्य वर आल्यावर एखादी चक्कर घरी, भाकरी बांधून घ्यायची, की परत. दोन-तीन महिने घरात आम्ही तिघीच. मी, आत्याबाई आणि बगळी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. बगळी म्हणजे आमची गाय. तिघींत मी सगळ्यांत नवी होते, आणि ते बगळीला चांगलं ठाऊक होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. मी बुलढाण्याच्या कोर्टातल्या कारकुनाची मुलगी, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. वैशाखात लग्न होऊन सुलतानपूरला आले. मी 'मला-तुला' म्हटलं की शेजारच्या बाया पदरात तोंड लपवून हसायच्या, आणि त्यांचं 'मले-तुले' ऐकून मी मनात हसायची. पहिल्याच आठवड्यात बगळीने लाथ मारून माझ्या हातातली चरवी उडवली. मी रडकुंडीला आले. आत्याबाई म्हणाल्या, "तू एकदम हातच घातला वं. तुह्या आंगाले कोनी असा हात लावला त तू काय करशीन? आधी गयाखाली खाजव. वळख द्या लागते तिले." मी गळ्याखाली खाजवलं. बगळीने मान लांब केली, डोळे मिटले आणि अर्ध्या घटकेने पान्हा सोडला. पण चरवीत पडलं ते शेरभरच.

"शेरभर म्हंजे काहीच नाही," आत्याबाई म्हणाल्या. "चार शेर देत होती माही बगळी."

माझी बगळी, असंच म्हणायच्या त्या. घरात बैलजोडी मामंजींची, शेत मामंजींचं, भांडीसुद्धा मामंजींच्या आजोबांच्या नावाची. पण आत्याबाईंच्या वडिलांनी लग्नात एक गाय आंदण दिली होती आणि बगळी ही त्या गायीची नात. माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. आईवडील गेले, पाठीला भाऊ नव्हताच. वसुबारसेला सगळा गाव गायीला ओवाळतो. आत्याबाई भाऊबीजेलाही बगळीला ओवाळायच्या. पाट मांडून, रांगोळी घालून. मामंजी ओट्यावर बसून चेष्टा करायचे, "मेव्हना मोठा गुनाचा हाये माह्या! ओवाळनी काय टाकली वं त्यानं?" बगळीने नेमकी तेव्हाच ओवाळणी टाकलेली असायची. आत्याबाई ती दोन्ही हातांनी उचलून गोवऱ्यांच्या टोपल्यात ठेवत आणि म्हणत, "तुमच्या बहिनीपक्षा जास्त देते."

मी त्या घरात यायच्या आधीच्या दिवाळीत बगळी व्यायली होती. कालवड झाली, गोमटी, पण जार, म्हणजे वासरामागून पडायची वार, पडेना. एक दिवस वाट पाहिली, दोन दिवस. मग कुणा शहाण्याने लोंबत्या जाराला दगड बांधायला सांगितलं. आमच्याकडे तेव्हा सर्रास बांधत, वजनाने आपोआप ओढला जाईल म्हणून. जार तुटला, अर्धा आतच राहिला आणि आत कुजला. पंधरा दिवस गोठ्यात कुणाला उभं राहवत नव्हतं इतकी घाण. गाय तापली, खाईना, दूध आटून गेलं. मेहकरच्या गुरांच्या दवाखान्यातून डॉक्टर आणला, त्याने पिशवी धुतली, आत गोळ्या ठेवल्या, सुया टोचल्या. बगळी वाचली. पण चार शेरांचा एक शेर झाला तो झालाच. गर्भाशयाचं दुखणं कासेपर्यंत कसं पोचतं हे मला पुढे कळलं. तेव्हा आत्याबाई एवढंच म्हणायच्या, "आंग दुखते तिचं, मंग दूध कुठून देईन?" कोणत्या पुस्तकात याहून वेगळं लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

आजारातून उठलेली म्हणून आत्याबाईंनी तिला गावची गुरं राखणाऱ्या गायकीबरोबर रानात पाठवणं बंद केलं. गावच्या कळपात तिला धक्के बसतील, एखादं ढोर शिंग मारील. मग बगळी दाव्यालाच. आत्याबाई बांधाबांधावरून गवत कापून आणायच्या, रात्री भिजवलेली सरकीची ढेप सकाळी तिच्यापुढे ठेवायच्या. बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यावेत इतक्या आग्रहाने. बगळी अंगाने भरली, पाठीवरून हात फिरवला तर निसटावा अशी झाली. पण वर्ष उलटून गेलं तरी माजावर येईना. माज नाही तर वळू नाही, वळू नाही तर गाभण नाही, आणि गाभण नाही तर पुढचं दूध नाही. आहे ते शेरभर आटलं की झाली भाकड.

त्या सुगीत एकदा मामंजी भाकरी न्यायला आले असताना गव्हाणीपाशी उभे राहिले. बराच वेळ बगळीकडे पाहत होते. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "संक्रांतीलोक पाहू. नाही आली माजावर, त साखरखेर्ड्याच्या बाजारात नेऊ. कडबा काही फुकट येत नाही."

मामंजी वाईट नव्हते. कालवड वाढत होती, बैल होते, चारा मोजका. कुणाही शेतकऱ्याने तेच म्हटलं असतं. बाजारात भाकड गाय कोण घेतं हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याविषयी बोलत नसे. त्या दिवशी आत्याबाईंच्या भाकरी करपल्या.

आता खरी गोष्ट सांगते. पहाटे अजून झुंजूमुंजू व्हायचं असताना आत्याबाई उठायच्या. चुलीवर पाणी ठेवायच्या, त्यात कडुलिंबाचा पाला. मला वाटायचं न्हाणीसाठी असेल. एका पहाटे सरपण आणायला मी गोठ्याकडे गेले, तर त्या कंदील खाली ठेवून बगळीच्या मागे वाकलेल्या. फडक्याने तिची शेपटी पुसत होत्या, मांड्या पुसत होत्या, खालच्या जमिनीवर राख टाकत होत्या. शेपटीला काचेसारखी चिकट धार लागलेली होती. वास काही नव्हता.

"आत्याबाई, हे काय?"

त्या दचकल्या. मग मला हाताला धरून आत ओढलं.

"तिचं दुखनं नाही गेलं वं पुरतं. अजून जाऊन राह्यलं आतून. मधीमधी येते. तुह्या मामंजीले सांगजो नको."

"पण डॉक्टरला दाखवलं तर..."

"डाक्तर! भाकड अन वरून रोगीट म्हनल्यावर थे संक्रांतीची बी वाट नाही पाहनार. उद्याच दावं सोडतीन." फडकं पिळता पिळता त्या थांबल्या. "अन बाईमानसाचं असं चारचौघांत सांगाचं असते का?"

बाईमाणसाचं. गायीबद्दल म्हणाल्या त्या. मला तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नाही. मीसुद्धा त्याच वळणात वाढलेली. आमच्या घरी चार खणी कपाट भरून पुस्तकं होती, पण असलं काही झालं की आई डोळ्यांनीच गप्प बसवायची. म्हणून मीही शपथ घेतली आणि कटात सामील झाले. तीन आठवड्यांनी परत तेच. पुन्हा तीन आठवड्यांनी तेच. त्या दिवशी बगळी दूधही हात राखून द्यायची. ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून आत्याबाई स्वतः कोरा चहा प्यायच्या आणि मामंजींची दुधाची वाटी भरून शेतावर पाठवायच्या. लोणारच्या धारतीर्थाला त्यांनी नारळ बोलला होता. "दर तिसऱ्या सोमवारीच काऊन येते वं?" त्या मला विचारायच्या. "महादेवाचं काही राह्यलं असन माह्याकडून."

आज हसू येतं. इतकं प्रेम केलं आम्ही त्या गायीवर, इतकं नीटनेटकं ठेवलं तिला, आणि दर तिसऱ्या सोमवारी पहाटे तिच्या सुटकेचा एकुलता एक पुरावा गरम पाण्याने धुऊन टाकत होतो.

पौषात बुळकांडीची टोचणी करायला मेहकरचा तो डॉक्टर सायकलवरून गावात आला. देशावरचा तरुण माणूस, मऊ बोलायचा. टोचणीसाठी म्हणून मामंजी त्या दिवशी शेतावरून घरी आले होते. काम आटोपून डॉक्टर आमच्या अंगणात आला, बगळीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "ओळखलं हिला. छान सावरली की! किती महिन्यांची गाभण?"

"कायची गाभन जी," मामंजी म्हणाले. "साल झालं, माजावरच येत नाही. तुमी पाहता का एकडाव?"

त्याने बाह्या वर केल्या, साबण मागितला, हात घातला. आम्ही दोघी दाराआड. माझ्या हातात चहाचं ताट होतं.

"पिशवी साफ आहे," तो म्हणाला. "जुनं दुखणं काही उरलेलं नाही. मग माजावर का येत नाही? हे बघा, काही गायींचा माज मुका असतो. हंबरत नाहीत, दावं ओढत नाहीत. पहाटे बसल्या जागी मागून काचेसारखी चिकट धार पडलेली दिसते, तेवढीच खूण. दर तीन आठवड्यांनी. तशी काही दिसते का?"

"नाही जी. कधीच नाही."

"मग अवघड आहे. औषध देऊन पाहता येईल, पण खात्री देता येत नाही."

"पायलं की आता सालभर," मामंजी म्हणाले. "संक्रांत झाली की नेतो बाजारात."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझा पदर मुठीत धरला होता. त्यांना कळलं होतं की नाही, सांगता येत नाही. मला कळलं होतं. सासऱ्यांसमोर मी तोवर 'हो' आणि 'नाही' याच्या पलीकडे बोलले नव्हते. परक्या पुरुषापुढे, आणि तेही असल्या गोष्टीविषयी, बोलणारी सून सुलतानपुरात जन्माला यायची होती. शिवाय शपथ होती. पण संक्रांत सहा दिवसांवर होती.

"दिसते," मी दाराआडून म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की माझा मलाच ओळखू येईना. "दर तीन आठवड्यांनी दिसते. आम्ही धुऊन टाकतो."

मामंजी जमिनीकडे पाहू लागले. डॉक्टरने हात पुसता पुसता दाराकडे मान वळवली. मला वाटलं आता आत्याबाई माझ्या कानाखाली वाजवतात. त्याऐवजी त्यांनी कपाळापर्यंत पदर ओढला आणि त्या मला ओलांडून सरळ बाहेर गेल्या.

"वास नाही येत त्याले," त्या डॉक्टरला म्हणाल्या. "आधी जार सडला तवा पांढरं होतं, पुवावानी, लय घान. आता नुसतं काचेवानी हाये. थे रोग नाही?"

"नाही हो आई. रोगाचं ते वेगळं. हे चांगलं लक्षण आहे. गाय ठणठणीत आहे तुमची."

आत्याबाई ओट्यावर बसल्या. "म्हंजे म्याच..." एवढंच म्हणाल्या.

मामंजींनी विचारलं, "काऊन लपवलं वं?"

"तुमी इकली असती."

मी चहा पुढे केला. निवून गेला होता, तरी बिचाऱ्या डॉक्टरने तो गोड मानून घेतला. मग म्हणाला, "झालं ते झालं. आता पुढची वेळ चुकवू नका. सकाळी खूण दिसली तर संध्याकाळी वळू दाखवा. मागच्या तारखा कुणाच्या लक्षात आहेत का?"

"येत्या सोमवारी येईन," आत्याबाई म्हणाल्या. एका क्षणाचाही विचार न करता.

डॉक्टर हसला. मामंजी हसले नाहीत. ते आपल्या बायकोकडे, मला वाटतं बऱ्याच वर्षांनी, नीट पाहत होते.

त्या सोमवारी पहाटे आत्याबाईंनी पाणी तापवलं नाही. गोठ्याच्या उंबऱ्यावर दोन्ही हात काखेत दाबून बसल्या, नाहीतर हात आपोआप फडक्याकडे गेले असते. मामंजी शेतावरून अंधारातच चालत आले. मी कंदील धरला. बगळी बसली होती, रवंथ चालला होता, आणि तिच्या मागे जमिनीवर ती धार चमकत होती. मामंजींनी खाली वाकून पाहिलं. उभा जन्म गुरांत गेलेला माणूस, पण ही वेळ त्यांची नव्हतीच कधी. ही बायांची वेळ होती. "अशी असते का?" असं काहीतरी पुटपुटले आणि दिवेलागणीआधी स्वतः दावं धरून तिला वरच्या आळीतल्या वळूकडे घेऊन गेले.

संक्रांत आली आणि गेली. आत्याबाईंनी बगळीच्या शिंगाला तिळगुळाची पुरचुंडी बांधली. ती कालवडीनेच खाल्ली. बाजाराचं नाव कुणी काढलं नाही. तिसरा सोमवार उजाडला तेव्हा आम्ही दोघी कंदील घेऊन गोठ्यात. जमीन कोरडी. मंगळवारी कोरडी. बुधवारीही. आत्याबाईंनी तरी तोंडातून शब्द काढला नाही, दृष्ट लागेल म्हणून. आणखी तीन आठवडे गेले आणि जमीन कोरडीच राहिली. दूध आता पावशेरावर आलं होतं, मग तेही थांबलं. दूध आटतंय म्हणून खूश असलेलं घर मी तेव्हा पाहिलं. मामंजी बिनदुधाचा चहा पिऊन ओठ चाटायचे. लोणारला जाऊन आत्याबाई नारळ फोडून आल्या. मी म्हटलं, "अहो, रोग नव्हताच ना मुळी?" तर म्हणतात, "नसलेला रोग बरा करनं काय सोपं काम हाये?"

अशा होत्या त्या. पुढे वयाच्या पंच्याऐंशीपर्यंत जगल्या. बगळीच्या लेकी-नातींचं दूध माझ्या तिन्ही मुलांना पाजलं, मला रागावल्या, माझ्या बाजूने भांडल्या. मला आई दोन होत्या असं मी लोकांना सांगते. पण त्यांच्याविषयी एकच काहीतरी सांगायचं झालं, तर मी फाल्गुनातली ती दुपार सांगेन.

खळं आटोपलं होतं. पुरुष घरी परतले होते, ओसरीवर झोपले होते. आम्ही दोघी गोठा झाडत होतो. आत्याबाई बगळीच्या पोटावरून हात फिरवत, माझ्याकडे पाठ करून, म्हणाल्या, "पोरी, तुह्या बुलढाण्यात बायांची डाक्तरीन हाये का?"

"आहे की. का हो?"

खराटा थांबला नाही. "माह्यं बी जाते आंगावरून. धाकटं लेकरू पोटातून पडलं तवापासून. पर माह्यं काचेवानी नाही." मग फार हळू म्हणाल्या, "वास येते त्याले."

मी खराटा टाकला. त्या रात्री मी आमच्या ह्यांना सांगितलं, ह्यांनी मामंजींना, आणि मामंजींनी सकाळी स्वतः बैल जुंपून आम्हाला मोटारीच्या थांब्यावर सोडलं. बुलढाण्यापर्यंत आत्याबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. दवाखान्यात बाकावर बसल्यावर त्यांनी माझा पदर मुठीत धरला.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, चष्म्याआडून बघायच्या. तपासून झाल्यावर हात धुऊन त्यांनी विचारलं, "किती दिवस आहे हे?"

"बारा वर्सं झाली असतीन."

त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "बारा वर्षं! अहो, हे बरं होण्यासारखं आहे. इतकी वर्षं अंगावर काढलंत, मग आजच कशा आलात?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंकडे.

"आधी गाय दाखवून पाह्यली, बाई," त्या म्हणाल्या. "तिले गुन आला. म्हून आली."